लठ्ठपणाची शस्त्रक्रिया आणि विम्याची मोजपट्टी

लठ्ठपणावरील शस्त्रक्रिया म्हणजे सुखवस्तू मंडळींची हौस, अशी समजूत आपल्याकडे दीर्घकाळ होती. आरोग्य विम्याच्या अनेक पॉलिसींतही वजन घटवण्याच्या सर्व उपचारांना सरसकट मनाई असे. या भूमिकेला पहिला तडा गेला तो सप्टेंबर २०१९ मध्ये. भारतीय विमा नियामक आणि विकास प्राधिकरणाने पॉलिसीतून वगळावयाच्या बाबींची भाषा निश्चित केली. त्यानुसार ठरावीक अटी पूर्ण न करणाऱ्या रुग्णांचाच या शस्त्रक्रियेचा खर्च वगळण्याची मुभा कंपन्यांना राहिली. दार उघडले हे खरे. परंतु उंबरठा किती उंच ठेवला, याची चर्चा फारशी झालेली नाही.

अटी चार आहेत. शस्त्रक्रिया डॉक्टरांच्या सल्ल्याने व्हावी, तिला वैद्यकीय नियमावलीचा आधार असावा आणि रुग्णाचे वय किमान १८ असावे, या तिन्हींबाबत वाद होण्याचे कारण नाही. खरा प्रश्न चौथ्या अटीचा आहे. रुग्णाचा बॉडी मास इंडेक्स, म्हणजे उंचीच्या प्रमाणातील वजनाचा निर्देशांक, ४० किंवा त्याहून अधिक हवा. तो ३५ किंवा त्याहून अधिक असेल, तर सोबत हृदयविकार, झोपेत श्वास अडखळण्याचा तीव्र विकार किंवा आटोक्यात न येणारा मधुमेह असा गंभीर आजार हवा आणि वजन घटवण्याचे सौम्य उपाय निष्फळ ठरलेले हवेत. १६५ सेंटिमीटर उंचीच्या व्यक्तीच्या बाबतीत ४० हा निर्देशांक म्हणजे सुमारे १०९ किलो आणि ३५ म्हणजे सुमारे ९५ किलो वजन.

हे आकडे आले कोठून? अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने १९९१ साली बोलावलेल्या तज्ज्ञ परिषदेने ते सुचवले होते. त्या वेळी या शस्त्रक्रिया प्रामुख्याने पोट उघडून केल्या जात. दुर्बिणीद्वारे होणारी आजची तुलनेने सुरक्षित पद्धत रूढ झालेली नव्हती. शिवाय भारतीय शरीराचा स्वभाव वेगळा आहे. तेवढ्याच वजनाच्या युरोपीय माणसापेक्षा आपल्याकडे चरबीचे, विशेषतः पोटातील चरबीचे, प्रमाण अधिक असते आणि मधुमेह लवकर गाठतो. म्हणूनच आशियाई लोकसंख्येसाठी २३ आणि २७.५ हे धोक्याचे टप्पे विचारात घ्यावेत, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी २००४ साली सुचवले. या क्षेत्रातील शल्यविशारदांच्या अमेरिकी आणि आंतरराष्ट्रीय संघटनांनीही २०२२ मध्ये १९९१ चे निकष मागे टाकले. निर्देशांक ३५ असेल तर अन्य आजार नसतानाही शस्त्रक्रियेची शिफारस करावी, चयापचयाचा आजार असल्यास ३० पासून तिचा विचार व्हावा आणि आशियाई रुग्णांसाठी २७.५ पासूनच ती उपलब्ध असावी, असे त्यांनी म्हटले. वैद्यकशास्त्र पुढे सरकले. विम्याची मोजपट्टी मात्र तेथेच राहिली.

या तफावतीचा सर्वाधिक जाच होतो तो मंजुरीच्या प्रतीक्षेत. वस्तुतः शस्त्रक्रियेपूर्वीचा काळ वाया जाणारा नसतो. धूम्रपान सोडावे लागते, रक्तातील साखर आटोक्यात आणावी लागते. झोपेची तपासणी करून गरज पडल्यास श्वासाचे यंत्र लावावे लागते, जठराची दुर्बिणीने पाहणी होते. लोह, बी-१२ आणि ड जीवनसत्त्वाची कमतरता भरून काढावी लागते. कारण शस्त्रक्रियेनंतर ही घटकद्रव्ये आयुष्यभर जपावी लागतात. सावकाश चावून, थोडे थोडे खाण्याची सवय आधीच लावावी लागते. मानसोपचारतज्ज्ञाची भेट हीदेखील औपचारिकता नव्हे. ताण आला की खाणे, ही सवय जठराचा आकार लहान केल्याने आपोआप सुटत नाही. शेवटच्या सुमारे दोन आठवड्यांत अत्यल्प उष्मांकाचा आहार दिला जातो. त्यामुळे चरबीने फुगलेले यकृत आकसते आणि शल्यविशारदाला जठरापर्यंत पोहोचणे सोपे जाते.

आता विसंगती पाहा. वर उल्लेखिलेल्या उंचीच्या मधुमेही रुग्णाचे वजन ९७ किलो असेल, तर त्याचा निर्देशांक ३५.६ भरतो. डॉक्टरांचा सल्ला मानून त्याने तीन किलो घटवले की तो ३४.५ वर येतो. वैद्यकीयदृष्ट्या तो शस्त्रक्रियेस अधिक योग्य झालेला असतो. पण निर्देशांक कोणत्या दिवशीचा धरायचा हे स्पष्ट नसेल, तर विम्याच्या लेखी तो अपात्र ठरू शकतो. आज्ञाधारक रुग्णाला शिक्षा आणि बेफिकिराला बक्षीस, असा हा न्याय आहे. सौम्य उपाय निष्फळ ठरल्याचा पुरावा ही दुसरी अडचण. दहा-दहा वर्षे पथ्ये, चालणे आणि व्यायामशाळा केलेल्या माणसाकडे त्याचे कागद क्वचितच असतात. किती महिने प्रयत्न केले म्हणजे तो निष्फळ मानायचा, याचे उत्तरही त्या अटीत नाही.

अमेरिकेचा अनुभव येथे बोलका आहे. तेथील अनेक विमा कंपन्या मंजुरीपूर्वी तीन ते सहा महिने देखरेखीखालील आहाराची सक्ती करत आल्या आहेत. या सक्तीला शास्त्रीय आधार नाही आणि तिच्यामुळे आवश्यक उपचार लांबतात, असे तेथील शल्यविशारदांच्या संघटनेने २०१६ मध्ये स्पष्टपणे मांडले. तयारी हवीच, पण तिचा कालावधी रुग्णाच्या प्रकृतीवरून ठरावा, दिनदर्शिकेवरून नव्हे.

आपल्याकडे हा प्रश्न आता अधिक गुंतागुंतीचा होणार आहे. २०२५ मध्ये माउंजारो आणि वेगोव्ही ही वजन घटवणारी इंजेक्शने भारतीय बाजारात आली. 'सौम्य उपायां'त आता त्यांचाही समावेश करायचा काय? तसे झाल्यास, औषध थांबवल्यावर बहुतांश वजन परत येते हे ठाऊक असूनही, रुग्णाला आधी महागडी इंजेक्शने स्वखर्चाने घेण्यास सांगितले जाण्याचा धोका आहे.

विमा कंपन्यांची बाजू अगदीच निराधार नाही. काही लाख रुपये खर्चाची शस्त्रक्रिया मागेल त्याला दिली, तर हप्त्यांचा बोजा सर्वच विमाधारकांवर पडेल. परंतु गैरवापर रोखण्यासाठी कालबाह्य आकडा हा एकमेव मार्ग नव्हे. मे २०२४ च्या परिपत्रकाने नियामकाने कॅशलेस मंजुरीचा निर्णय एका तासात देण्याचे बंधन घातले, दावा फेटाळण्यापूर्वी समितीची मान्यता आवश्यक केली आणि नकाराचे कारण पॉलिसीतील कलमासह देण्यास सांगितले. कंपनीच्या निर्णयाविरुद्ध विमा लोकपालाकडे विनाशुल्क दादही मागता येते. तथापि, पॉलिसीतील आकडाच ३५ असेल, तर वेगवान नकार तेवढा पदरात पडेल.

म्हणून दुरुस्ती मुळातच हवी. आशियाई निकषांनुसार मर्यादा खाली आणावी; निर्देशांक उपचार सुरू झाल्याच्या दिवशीचा ग्राह्य धरावा; आणि निष्फळ प्रयत्नांचा निवाडा शल्यविशारद, आहारतज्ज्ञ व मानसोपचारतज्ज्ञ यांच्या एकत्रित अहवालावर सोपवावा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीनुसार देशातील २४ टक्के स्त्रिया आणि सुमारे २३ टक्के पुरुष अतिवजनी वा लठ्ठ आहेत. त्यांतील फार थोड्यांना शस्त्रक्रियेची गरज भासेल. पण ज्यांना भासेल, त्यांनी प्रतीक्षेच्या काळात प्रकृती सुधारायची की मंजुरीसाठी वजन राखायचे, हा पेच तरी त्यांच्यापुढे उभा राहू नये.