खेळाडूची ‘स्वेच्छा’ : एक सोयीस्कर पळवाट

आपल्या मंडळाच्या मागील बैठकीत एका ज्येष्ठ सभासदांनी निवाडा दिला : ‘प्रकृती खेळाडूची, धोकाही त्यानेच पत्करलेला; इतरांनी त्यात का पडावे?’ बहुतेकांनी माना डोलावल्या. या मतास माझा स्पष्ट विरोध आहे.

त्याच्या पुष्ट्यर्थ एक जुना दाखला हमखास पुढे केला जातो. अमेरिकेतील बॉब गोल्डमन यांच्या १९८४ सालच्या पुस्तकात १९८ खेळाडूंना विचारलेला प्रश्न आहे : पाच वर्षे खात्रीचा विजय देणारे, पण त्यानंतर प्राण घेणारे औषध घ्याल काय? निम्म्याहून अधिकांनी होकार दिला. परंतु २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत तोच प्रश्न उत्तर अमेरिकेतील २१२ मैदानी खेळाडूंना विचारला गेला, तेव्हा होकार देणारे अवघे दोन निघाले. खेळाडू जात्याच आत्मघातकी असतो, हा समज पुराव्यावर टिकत नाही.

मग शरीरे का उद्ध्वस्त होतात? पूर्व जर्मनीकडे पाहा. १९७४ पासून तेथे खेळाडूंना उत्तेजके देण्याची रीतसर शासकीय योजना होती. तिचा क्रमांक १४.२५. कोवळ्या वयाच्या मुलींना ‘जीवनसत्त्वे’ म्हणून निळ्या गोळ्या दिल्या गेल्या. १९८६ ची गोळाफेकीतील युरोपीय विजेती हायडी क्रीगर हिने १९९७ साली लिंगबदल शस्त्रक्रिया करून घेतली. आज आंद्रेआस या नावाने ओळखले जाणारे क्रीगर म्हणतात की, स्वतः निर्णय घेण्याची संधीच त्या औषधांनी हिरावून घेतली. २००० साली बर्लिनच्या न्यायालयाने क्रीडाप्रमुख व वैद्यकीय अधिकारी यांना दोषी ठरवले. शिक्षा मात्र स्थगित ठेवल्या. हयात शासकीय सेवेत घालवलेल्या मला तो योजना-क्रमांकच पुरेसा बोलका वाटतो. उद्दिष्ट वरून येते, पूर्तता खालच्या माणसाच्या अंगावर पडते आणि कागदावर त्याची ‘संमती’ उरते.

कोणी म्हणेल, ती हुकूमशाही होती. ठीक आहे, आपल्याच विनेश फोगाटचे उदाहरण घेऊ. ५३ किलो गटाची जागा दुसऱ्या कुस्तीगीराने मिळवल्याने तिला पॅरिसला ५० किलोत उतरावे लागले. ७ ऑगस्ट २०२४ च्या सकाळी, रात्रभर घाम गाळून आणि केस कापूनही वजन शंभर ग्रॅम जास्त भरले. ती अपात्र ठरली आणि निर्जलीकरणामुळे तिला रुग्णालयात न्यावे लागले. तिची जिद्द वंदनीयच आहे. परंतु पर्याय एवढेच उरले असता, त्या रात्रीस ‘स्वेच्छा’ म्हणणे ही क्रूर थट्टा होय.

नियम बदलता येतात. १९९७ साली अमेरिकेत वजन उतरवताना सुमारे महिन्याभरात तीन विद्यार्थी कुस्तीगीर मरण पावले. त्यानंतर तेथील महाविद्यालयीन कुस्तीत घाम काढण्यासाठी रबरी पोशाख व तापलेल्या खोल्या यांना बंदी झाली आणि वजन लढतीच्या वेळेजवळ घेतले जाऊ लागले. उपदेशाने जे साधले नव्हते ते नियमाने साधू लागले.

इंदुरातील आखाड्यांची परंपरा आपण अभिमानाने सांगतो. त्या अभिमानाचे मोल कोणी चुकवावे? आपली नातवंडे उद्या मैदानात उतरतील. गुणगौरव समारंभात त्यांच्या गळ्यात हार घालण्याआधी एवढेच विचारावे : बाळा, खाल्लेस का, आणि ‘नको’ म्हणण्याची मुभा तुला आहे का? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर नकारार्थी असेल, तर जाब त्याला विचारायचा नाही. तो आपण सर्वांनी द्यायचा आहे.