मेंदी लालच बरी!

लग्नसराई आली की देवरीच्या बाजारात मेंदीचे कोन दिसू लागतात. एकाच कोनावर ‘नैसर्गिक’ असेही लिहायचे आणि ‘दहा मिनिटांत काळाभोर रंग’ असेही! या दोन गोष्टी एकत्र नांदूच शकत नाहीत.

मेंदीच्या पानात लॉसोन हे रंगद्रव्य असते. ते त्वचेतील केरॅटिन या प्रथिनाशी हळूहळू जोडले जाते. म्हणून मेंदी काही तास ठेवावी लागते. ती आधी नारिंगी दिसते, एक-दोन दिवसांनी गडद तांबूस होते. काळीकुट्ट मात्र होत नाही. काळेपणासाठी तीत बहुधा केसांच्या कलपातील पॅराफिनिलीनडायअमीन मिसळतात. त्याने फोड येतात, व्रण राहू शकतात. आणि एकदा अ‍ॅलर्जी जडली की पुढे कलपही सोसवत नाही. युरोपीय संघात हे द्रव्य त्वचेवर लावण्यास मनाई आहे.

परंतु ‘झाडपाल्याचे ते सारे निर्धोक’ हाही भ्रमच. जी-सिक्स-पीडी या विकराची कमतरता असलेल्या तान्ह्या बाळाला शुद्ध मेंदीनेही रक्तपेशी फुटून कावीळ होऊ शकते. मध्य भारतातील काही आदिवासी समाजांत ही कमतरता आढळते. तेव्हा आपल्या तालुक्यात बाळाच्या तळव्यांना मेंदी लावूच नये, हे बरे.

आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. एवढी माहिती आजी-आईपर्यंत पोहोचवता आली नाही, तर त्या शिक्षणाचा उपयोग काय? मैत्रिणींनो, पाने वाळवा, वस्त्रगाळ करा, लिंबाच्या रसात भिजवा आणि रात्रभर थांबा. रंग लालच येईल. तोच मेंदीचा खरा रंग!