मोह भुकेच्या वेळी येतो

उपासकाळाच्या पहिल्या रविवारी चर्चमध्ये दरवर्षी येशूच्या अरण्यातल्या मोहाचंच वाचन असतं. यंदा ते चालू असतानाच पुढच्या बाकावरच्या गृहस्थांच्या मोबाइलवर ‘पाच मिनिटांत कर्ज’ असा मेसेज उजळला आणि माझं प्रवचनातलं लक्ष उडालं. त्यांची नोकरी गेलीय हे सगळ्या आळीला ठाऊक आहे. कर्जवाल्यांना कसं कळलं, देव जाणे! पण सैतानाचीही वेळ अशीच अचूक असते. चाळीस दिवसांचा उपास झाला, येशूला भूक लागली, तेव्हा तो आला. आणि सुचवलं काय, तर दगडांच्या भाकरी कर. दारू नाही, जुगार नाही, भाकरी! अडचणीतला मोह असा समजूतदार चेहऱ्यानेच दारात उभा राहतो. म्हणून गांजलेल्या माणसाला ‘विश्वास वाढवा’ एवढंच सांगून घरी जाणारे भाविक मला मुळीच पटत नाहीत. ईजबेल राणीच्या धाकाने रानात पळालेला संदेष्टा एलीया झुडपाखाली बसून मरण मागत होता, तेव्हा देवदूताने उपदेश केला नाही. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी दिलं, पुन्हा झोपू दिलं, पुन्हा उठवून खायला घातलं. पंडिता रमाबाईंनी १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून उपाशी मुली आणल्या, त्यांनाही आधी अन्न आणि छप्परच दिलं. तेव्हा उपासकाळात मटण सोडणाऱ्यांनो, वाचलेले पैसे ईस्टरच्या मेजवानीसाठी साठवू नका, कुणाचं तरी किराण्याचं बिल भागवा. आणि हो, फोटो काढू नका.