ऑर्गोमधला सी आणि माझे तीन मार्क



डिसेंबर आला की इथल्या मराठी घरांत दोन विषय हमखास निघतात. एक, भारतवारीच्या बॅगांचं वजन. दुसरा, कॉलेजातल्या मुलांचे सेमिस्टरचे ग्रेड. बॅगांबद्दल सगळेच मोकळेपणाने बोलतात. ग्रेडबद्दल मात्र ए आला असेल तरच. म्हणून या वेळच्या सदरात आमच्या घरातल्या एका सी बद्दल लिहायचं ठरवलं. लेकीची रीतसर परवानगी घेतली आहे. तिच्या अटी दोनच, "आई, नाव घालू नकोस आणि रडारड नको." नाव घालत नाही. दुसऱ्या अटीचं बघू :-)

गोष्ट डिसेंबर २०२१ ची. लेक कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला, प्री-मेड. सेमिस्टर संपवून न्यू जर्सीला घरी आली आणि तीन दिवस नुसती झोपून होती. आम्हाला वाटलं, परीक्षेचा शीण असेल. चौथ्या दिवशी सकाळी मी पोह्यांसाठी कांदा चिरत होते. ती स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "आई, मला ऑर्गोमध्ये सी आलाय. आणि मिडटर्मपासूनच मला अंदाज होता."

ज्यांच्या घरात प्री-मेड मूल नाही त्यांच्यासाठी सांगते. ऑर्गो म्हणजे ऑर्गॅनिक केमिस्ट्री, बहुधा दुसऱ्या वर्षाला येते. डॉक्टर व्हायला निघालेली निम्मी वरात इथेच परतते अशी तिची ख्याती आहे. ख्यातीत थोडी अतिशयोक्ती असेल, पण मुलं धसका घेतात हे खरं.

नवऱ्याने लगेच मोहीम हाती घेतली. "प्रोफेसरला ईमेल कर. नाहीतर मीच रजिस्ट्रारशी बोलतो." लेक शांतपणे म्हणाली, "बाबा, ते तुमच्याशी बोलणार नाहीत." ते खरंच होतं. फर्पा नावाचा १९७४ सालचा कायदा आहे. मूल कॉलेजात गेलं की त्याच्या शैक्षणिक नोंदींवरचा हक्क पालकांकडून त्याच्याकडे जातो. फी कोण भरतं हा मुद्दा वेगळा. नवरा गप्प बसला, आणि त्याने गॅरेज आवरायला घेतलं. तो अस्वस्थ असला की आमचं गॅरेज स्वच्छ होतं.

माझा प्रश्न दुसराच होता. "मिडटर्मपासून माहीत होतं, तर बोलली का नाहीस?" कारण त्या न बोलण्याची किंमत होती. वेळेत बोलली असती तर कोर्स सोडून डब्ल्यू घ्यायचा पर्याय तरी होता. एखादा डब्ल्यू कुणी फारसा मनावर घेत नाही. ती तारीख नोव्हेंबरातच निघून गेली होती.

ती म्हणाली, "कुणाला सांगणार? या घरात कुणाला कधी कमी मार्क पडलेत का?"

मंडळी, सुरी खाली ठेवली मी.

माझ्या मुलांना माझी जी गोष्ट माहीत आहे ती अशी : आईला लहानपणापासून मायक्रोबायॉलॉजीची आवड, म्हणून तिने मायक्रो घेतलं, मग एमएस्सी, मग अमेरिका, मग फार्मा कंपनीत क्वालिटी कंट्रोल. छान सरळ गोष्ट. खरी गोष्ट अशी, की १९८७ साली सांगलीत बारावीचा निकाल लागला तेव्हा माझं मेडिकल तीन मार्कांनी हुकलं. त्या वेळी सीईटी नव्हती की नीट नव्हती. बारावीच्या फिजिक्स-केमिस्ट्री-बायॉलॉजीच्या मार्कांवर यादी लागायची. यादीत नाव नाही म्हणजे नाही. मिरजेचं मेडिकल कॉलेज आमच्या घरापासून सिटी बसने अर्ध्या तासावर. पुढची तीन वर्षं मी शक्यतो मिरजेची बस टाळली. वडील दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी बीएस्सीचा फॉर्म आणून टेबलावर ठेवला, आणि त्यानंतर घरात तो विषय कधी निघाला नाही. मायक्रोची आवड नंतर लागली, आणि खरोखर लागली. पण ती नंतर.

हे मी तिला त्या सकाळी पहिल्यांदा सांगितलं. पोहे राहिलेच. ती बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "हे तू मला आज सांगतेस?"

त्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. पण त्यातून मला एक गोष्ट कळली. सी बघून माझ्या पोटात जो गोळा आला होता, तो १९८७ चा होता. आपल्या पिढीच्या डोक्यात निकाल म्हणजे यादी. नाव आहे किंवा नाही. इथे तशी यादी लागत नाही. इथला हिशेब बँकेच्या पासबुकासारखा आहे. झालेली नोंद खोडता येत नाही, पण पुढे भर घालता येते. हे नीट समजायला आम्हाला कागद-पेन्सिल घ्यावी लागली.

त्या दुपारी केलेलं गणित इथे देते, कुणाला तरी उपयोगी पडेल. मेडिकल स्कूलचे बहुतेक अर्ज ॲमकास या सामायिक पद्धतीने जातात. त्यात एकूण जीपीए असतो आणि बायॉलॉजी, केमिस्ट्री, फिजिक्स, मॅथ्स यांचा मिळून वेगळा सायन्स जीपीए काढतात. लेकीचे पहिल्या वर्षाचे सायन्सचे २० क्रेडिट होते, साधारण ३.७ ने. त्यात ऑर्गोचे ४ क्रेडिट सी ने, म्हणजे २.० ने, मिळवले की २४ क्रेडिटवर ३.४२. आकडा धपकन खाली आला, तिचा चेहरापण. मग मी म्हटलं, पुढे लिही. अजून ३६ क्रेडिट बाकी आहेत. ते ३.८ ने केलेस तर? ६० क्रेडिटवर ३.६५. आणि हा सी न येता ए आला असता तर? ३.७८. म्हणजे चार वर्षांच्या शेवटी या एका सी ची किंमत ०.१३. कमी नाही. स्पर्धा जबर आहे, २०२३-२४ साली जवळपास ५२ हजार मुलांनी अर्ज केले आणि २३ हजारांना जागा मिळाल्या. पण ०.१३ म्हणजे यादीत नाव नाही, असंही नाही.

पुढचा प्रश्न, कोर्स परत करायचा का? आपला पहिला विचार तोच, "परत बस आणि ए आण." पण ॲमकासमध्ये जुना ग्रेड पुसला जात नाही. दोन्ही वेळचे ग्रेड हिशेबात धरतात, कॉलेजच्या ट्रान्सक्रिप्टवर काहीही दिसो. ऑस्टिओपॅथिक, म्हणजे डीओ कॉलेजांच्या अर्जात पूर्वी नवा ग्रेड जुन्याची जागा घ्यायचा. २०१७ पासून तेही बंद झालं. तेव्हा जुने सल्ले देणाऱ्या काका-मावश्यांपासून सावध. सी मायनस किंवा त्याखाली असेल तर बहुधा परत करावाच लागतो. सी अनेक ठिकाणी चालतो. कॉलेजच्या ॲडव्हायझर बाईंनी तिला एकच विचारलं, "तुला पहिला भाग येत नाही, की परीक्षा बिघडली?" येत नसेल तर दुसऱ्या भागाला जाऊ नकोस, पाया नसताना माडी चढवल्यासारखं होईल. येत असेल तर पुढे जा आणि पुढचे ग्रेड बोलू देत.

याचं खरं उत्तर शोधायला सुट्टीचे तीन आठवडे गेले. मी तिला म्हटलं, एक प्रश्न सोडवून दाखव. तिने उत्तरांचं पुस्तक उघडलं, वाचलं आणि मान डोलावली, "हां, हे येतं मला." तिथेच मेख होती. पुरणपोळी लाटताना बघून पुरणपोळी येत नाही, तसंच आहे हे. तिने फ्लॅशकार्डांचे गठ्ठे केले होते, दोनशे रिॲक्शन पाठ. पण ऑर्गो विचारतं ते इलेक्ट्रॉन कुठून निघून कुठे जातो. उदाहरणार्थ, एसएन-टू मध्ये येणारा गट मागच्या बाजूने शिरतो आणि जाणारा त्याच वेळी बाहेर पडतो, म्हणून रेणूची घडण छत्री उलटावी तशी उलटते. तोच कार्बन तीन बाजूंनी गर्दीने वेढलेला असेल तर मागून शिरायला जागाच नाही. मग आधी जाणारा जातो, मागे धनभारित कार्बन उरतो आणि येणारा नंतर येतो, हा एसएन-वन. हे कारण कळलं की निम्मी कार्डं फेकून देता येतात.

दोष सगळा तिचाही नव्हता. तिचं पहिलं वर्ष २०२०-२१ चं. परीक्षा लॅपटॉपवर, बऱ्याचशा पुस्तक उघडून. त्यात मिळालेल्या ए ने अभ्यासाची सवय चांगली आहे असा भ्रम झाला. शिवाय दुसऱ्या वर्षाला १८ क्रेडिट, एका लॅबमध्ये काम आणि शनिवारी हॉस्पिटलमध्ये स्वयंसेवा. रेझ्युमेसाठी सगळं हवं म्हणे. झोपेचं नाव त्यात कुठे नव्हतं.

तीन आठवड्यांत तिने जे केलं ते असं. रोज सकाळी पुस्तक बंद, कोरा कागद, एक रिॲक्शन, सगळे बाण स्वतः काढायचे. अडलं तर अडलेल्या जागी लाल खूण, उत्तर लगेच बघायचं नाही. आठवड्यातून एकदा जुना पेपर घड्याळ लावून. सेमिस्टर सुरू झाल्यावर त्या लाल खुणा घेऊन प्रोफेसरांच्या ऑफिस अवर्सना जायचं, दर आठवड्याला. पहिल्या सेमिस्टरला ती एकदाही गेली नव्हती. लाज वाटायची. आपल्या मुलांना हुशार दिसायची इतकी सवय असते की "मला कळलं नाही" हे वाक्य त्यांच्या तोंडून फुटत नाही. ते कुठून येतं, हे मी वर सांगितलंच आहे.

क्रेडिट १८ वरून १४ केले. लॅबचं काम ठेवलं, बाकी एक-दोन समित्या सोडल्या. कॉलेजच्या काउन्सेलरकडे चार वेळा जाऊन आली. तेही मला नंतर कळलं, पण या वेळी तिने स्वतःहून सांगितलं.

ऑर्गोच्या दुसऱ्या भागात बी प्लस आला. पुढच्या वर्षी बायोकेमिस्ट्रीत ए मायनस. तो ए मायनस मला सगळ्यात मोलाचा वाटतो, कारण बायोकेमिस्ट्री ऑर्गोच्याच पायावर उभी आहे. एमकॅटमध्येही तिचं वजन जास्त आहे. विज्ञानाच्या ज्या दोन विभागांत ऑर्गो येतं, तिथे त्याचा वाटा एकात साधारण १५ टक्के आणि दुसऱ्यात ५ टक्के. बायोकेमिस्ट्रीचा मात्र दोन्हींत २५ टक्के. ४७२ ते ५२८ मध्ये तिचा आकडा किती, ते छापायची परवानगी मिळालेली नाही.

मधल्या काळात आम्हाला पॉटलकमध्ये सल्ले भरपूर मिळाले. कॅरिबियनला पाठवा. भारतात पाठवा (तिथे आता नीट आहे आणि परत इथे यायचं तर यूएसएमएलई आणि रेसिडेन्सीची लढाई आहेच). फार्मसी काय वाईट आहे? कुणी वाईट मनाने बोलत नव्हतं. पण एकानेही विचारलं नाही की ती जेवतेय का, झोपतेय का. मीही सुरुवातीला विचारलं नव्हतं.

पदवी २०२४ मध्ये झाली, सायन्स जीपीए ३.६२. ठरवलेल्या ३.६५ ला थोडा कमी. लगेच अर्ज न करता ती एका क्लिनिकमध्ये मेडिकल असिस्टंट म्हणून कामाला लागली. आता इथे थेट कॉलेजातून जाणाऱ्यांपेक्षा एखाद-दोन वर्षं थांबून जाणारेच जास्त, तेव्हा "वर्ष वाया गेलं" हा आपला शब्द इथे लागू नाही. ज्यांचे बरेच ग्रेड घसरलेत त्यांच्यासाठी पदवीनंतर करायचे पोस्ट-बॅक प्रोग्रॅमही आहेत. पण तेही नुसती फी भरून सुटत नाहीत, तिथे चांगले ग्रेड आणावे लागतात.

२०२५ च्या जूनमध्ये अर्ज गेले. एका निबंधात अपयशाबद्दल लिहायचं होतं. तिने सी बद्दल लिहिलं. प्रोफेसरला दोष नाही, कोविडला दोष नाही. कोऱ्या कागदाबद्दल लिहिलं आणि मदत मागायला लागलेल्या तीन महिन्यांबद्दल.

आता ती कुठे लागली, हे तुम्ही विचारणार. दोन मुलाखती झाल्या. एका ठिकाणी वेटलिस्ट, दुसरीकडून नकार. नकाराची ईमेल आली त्या दिवशी मी कामावर होते. दहा मिनिटांत तिचा फोन आला, "आई, नाही म्हणाले." मग थोडी रडली (अट मोडली, पण तीच मोडली). मग म्हणाली, "संध्याकाळी येते, पोहे कर."

सप्टेंबर ते डिसेंबर २०२१ या काळात हीच मुलगी एकटी सगळं घेऊन बसली होती. मेडिकल स्कूलचं जे व्हायचं ते होईल. पण तो दहा मिनिटांत आलेला फोन आमच्या पासबुकातली सगळ्यात मोठी जमा आहे, असं मी धरून चालले आहे.

ज्यांच्या घरी या सुट्टीत कुणी तीन दिवस झोपून असेल, त्यांनी ग्रेड विचारायच्या आधी स्वतःचे तीन मार्क सांगून बघा. प्रत्येकाकडे असतात.

बाकी पुढच्या खेपेला. लोभ आहेच, तो वाढावा.