झाड तेवढे जागेवर हवे

दिवाळीच्या ताटात जशी चकली, तशी आपल्या भावगीतात चाफा, जांभूळ, पाऊस आणि पाखरू ही चौकडी ठरलेली. हिच्यावाचून गाणे रचा म्हटले, तर पुष्कळ गीतकारांची पंचाईत होईल! पण कवी ज्या झाडाचे नाव घेतो, ते त्याने पाहिलेले असते काय, हे आपण सहसा विचारीत नाही. मी पनवेलचा, तेव्हा ते विचारायचा मला थोडा हक्क आहे.

आमच्यापासून १२ किलोमीटरवर कर्नाळ्याचा किल्ला. त्याचा अंगठ्यासारखा सुळका मुंबई-गोवा रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकाने पाहिला असेल. त्याच्या कपारींत आग्या मोहोळे लटकतात. या मुलखातील ठाकरांची कथा गो. नी. दांडेकरांनी ‘जैत रे जैत’ या कादंबरीत सांगितली. १९७७ साली जब्बार पटेलांनी तिचा चित्रपट केला; गीते ना. धों. महानोरांची, संगीत हृदयनाथ मंगेशकरांचे. त्यातले जांभळाच्या झाडाचे गाणे आशाबाईंच्या आवाजात ऐकले नाही, असे मराठी घर विरळा.

या गाण्यांत निसर्ग शोभेपुरता येत नाही. ठाकराला डोंगर म्हणजे देव आणि कोठार, दोन्ही. महानोर स्वतः अजिंठ्याजवळच्या पळसखेड्याचे शेतकरी. गावची लोकगीते गोळा करून त्यांनी ‘पळसखेडची गाणी’ म्हणून छापली. त्यांच्या गाण्यात झाड येते ते आपला ऋतू घेऊनच येते. आणि हा माणूस नुसती गाणी लिहून थांबला नाही. शेतात पाणी अडवले, विधान परिषदेत शेती-पाण्यावर बोलला, आपल्या बागेतल्या सीताफळाला लताबाईंच्या नावावरून ‘लताफळ’ म्हणू लागला! २०२३ साली ते गेले.

कथेतल्या नाग्याचा डोळा राणीमाशीने घेतला. सूड म्हणून तो सुळका चढतो, मोहोळ उठवतो, जिंकतो. पण त्याची चिंधी माश्यांच्या दंशाने मरते. जैत म्हणजे विजय. तो मिळाला, पण ज्या माणसाबरोबर साजरा करायचा तेच उरले नाही.

आम्ही पनवेलकरांनीही अलीकडे बरीच जैत मिळवली. २०१६ मध्ये महानगरपालिका झाली. उलव्याची टेकडी सपाट केली, उलवे नदीचा प्रवाह वळवला, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये विमानतळाचे उद्घाटन झाले. माझा विमानाशी दावा नाही. बंगळूरला लेकीकडे जायचे झाले, तर पहिली पिशवी मीच भरीन. पण या हिशेबात चिंधीचे नाव कुठल्या पानावर लिहायचे?

शेजारचा चिरंजीव तेच जांभळाचे गाणे संमेलनात म्हणणार होता. सूर गोड. तालीम चालू असता मध्येच थांबून विचारतो, “आजोबा, जांभळे पिकली हे खालून कसे कळते?”

“अंगणात जांभळे डाग पडतात, आणि आपल्या पाठीत आईचा धपाटा!”

तो क्षणभर विचारात पडला. “पण आमच्या अंगणात गाड्या असतात.”

त्याचे काय चुकले? गाणे त्याच्यापर्यंत पोचले. झाड पोचले नाही. असे दोन पिढ्या चालले, तर गाण्याचे शब्द पाठ राहतील आणि अर्थ कोशात बघावा लागेल.

सुदैवाने सगळेच हातचे गेलेले नाही. कर्नाळ्याला १९६८ साली पक्षी अभयारण्य झाले, महाराष्ट्रातले पहिले. क्षेत्र अवघे १२ चौरस किलोमीटर, त्यातूनही महामार्ग गेलेला. तरी पावसाळ्यात ओढ्याकाठी पहाटे शीळकरी कस्तूर अशी शीळ घालतो, की कुणी उनाड पोर शाळा चुकवून रानात आले आहे असे वाटावे. चाल सुचायला आणखी काय लागते? ओढा मात्र वाहता हवा, आणि भोंगे गप्प!

दिवाळीच्या सुटीत मुलांना घेऊन जरूर या. सुळक्याखाली आरडाओरडा नको, धूर नको. मोहोळाला पाहुणे ओळखता येत नाहीत. पाच झाडांची नावे मुलांना शिकवा, निदान एकाची पाने हाताला लागू द्या. त्यांतलाच कुणी उद्या गीतकार होईल. त्याला यमक आपल्याकडून नको. झाड तेवढे जागेवर हवे.