बाटली आडवी झाल्यानंतर

गावातील स्त्रिया मतदानाने बाटली आडवी करून दारूचे दुकान बंद पाडतात, तेव्हा त्या विजयाचा अभिमान चळवळीने बाळगण्यात गैर काही नाही. गडचिरोलीत १९९३ साली लोकांच्या रेट्याने दारूबंदी आली. चंद्रपुरात ती २०१५ साली आली आणि २०२१ साली उठविली गेली. महसुलाच्या मोहापुढे राज्यघटनेचे ४७वे कलम किती लुळे पडते, हे कार्यकर्त्यांस नव्याने सांगावयास नको.

परंतु दुकान बंद झाल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ज्याचे हात थरथरू लागतात, त्या माणसाचे काय करावयाचे, हा प्रश्न आपल्या ठरावांत क्वचितच येतो. तो शेजारच्या गावचा रस्ता धरतो, नाही तर हातभट्टीचा. २०१५ साली मालाडच्या मालवणीत विषारी दारूने शंभरावर माणसे दगावली. ती बंगल्यांत राहणारी नव्हती. केंद्र शासनाने करविलेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार, मद्यावर पूर्णतः अवलंबून असलेल्या सुमारे ३८ व्यक्तींमागे एकीलाच कसलेतरी उपचार मिळाले होते. उरलेल्या ३७ जणांना आपल्या सभांत ‘दारुडे’ म्हटले जाते. त्यांतले काही आपल्याच युनियनची वर्गणी भरणारे असतात.

अशा माणसासाठी अनेक शहरांत एक दार उघडे आहे, आणि त्याची माहिती नसणे ही कार्यकर्त्याची मोठी उणीव आहे. ‘अल्कोहोलिक्स अनॉनिमस’ ही संघटना १९३५ साली अमेरिकेतील ओहायो राज्यात, अ‍ॅक्रन येथे, शेअरबाजारातील एक गृहस्थ आणि एक शल्यविशारद या दोन मद्यपींच्या भेटीतून जन्मली. महामंदीच्या काळात भांडवलशाहीच्या माहेरघरी अशी संस्था निघावी, की जिला मालक नाही, प्रवेशशुल्क नाही आणि जी बाहेरच्या कोणाची देणगी स्वीकारीत नाही, हा इतिहासाचा विनोदच म्हणावयाचा. मद्यपान सोडण्याची इच्छा ही सभासदत्वाची एकमेव अट. खर्च सभेअखेर फिरणाऱ्या झोळीतून भागतो; ज्याच्यापाशी काही नाही, त्याने काही टाकू नये. परस्पर साहाय्याचे जे तत्त्व आपण व्याख्यानांतून मांडतो, ते येथे शाळेच्या बाकांवर बसून आचरले जाते.

सभेचे स्वरूप साधे असते. तास-दीड तास माणसे बसतात, पहिले नाव तेवढे सांगतात, आपली हकीगत सांगतात. मध्येच कोणी उपदेश करीत नाही, उलटतपासणी घेत नाही. नवख्याला नुसते ऐकून घरी जाता येते. ‘खुली’ सभा कोणासही ऐकता येते, ‘बंद’ सभा केवळ मद्यपींसाठी असते. हा भेद ठाऊक नसल्यामुळे सोबत गेलेला भाऊ दारातून परत फिरतो आणि त्याच्या मागोमाग रुग्णही. पत्नी व इतर कुटुंबीयांसाठी ‘अल-अनॉन’ हे निराळे गट आहेत. पुण्यात पु. ल. व सुनीताबाई देशपांडे यांच्या साहाय्याने आणि डॉ. अनिता व अनिल अवचट यांच्या खटपटीने १९८६ साली सुरू झालेल्या ‘मुक्तांगण’नेही उपचारांनंतर अशा गटांत येत राहण्याचे महत्त्व महाराष्ट्राला पटविले.

विवेकवादी मंडळींचा आक्षेप ठरलेला आहे: या पद्धतीच्या बारा पायऱ्यांत ईश्वराचे नाव येते. ते येते, हे खरे. पण प्रत्येकाने त्या शक्तीचा अर्थ आपापल्या समजुतीनुसार लावावा अशी मुभाही त्यातच आहे, आणि कित्येक नास्तिक त्या गटालाच ती शक्ती मानून चालतात. २०२० साली ‘कॉक्रेन’ संस्थेने २७ अभ्यासांची छाननी केली. अखंड मद्यमुक्त राहण्याच्या बाबतीत या मार्गाकडे पद्धतशीरपणे वळविलेले रुग्ण इतर प्रस्थापित उपचार घेणाऱ्यांहून पुढे असल्याचे तीत दिसून आले. विज्ञाननिष्ठांनी निदान एवढा पुरावा तरी विचारात घ्यावा. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. वेतन, घर, कंत्राटी राबणूक, मद्यसम्राटांची सत्ता यांविषयी हे गट अवाक्षर काढीत नाहीत. बाहेरच्या प्रश्नांवर मत न देणे हा त्यांचा नियमच आहे. तो त्यांनी पाळावा. त्या प्रश्नांसाठी पक्ष आहे. मात्र त्या खोलीत पक्षाचा फलक, पुढाऱ्याचा सत्कार किंवा वृत्तपत्राचा छायाचित्रकार शिरता कामा नये. सभेत कोण दिसला हे बाहेर बोलणारा कार्यकर्ता एका माणसाची नोकरी घालवू शकतो.

एक सावधगिरी अवश्य बाळगावी. वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याने एकाएकी दारू तोडल्यास झटके येतात, भ्रम होतो, प्रसंगी मृत्यूही ओढवतो. म्हणून प्रथम डॉक्टर, मग सभा. शासनाचा १४४४६ हा निःशुल्क दूरध्वनी क्रमांक युनियनच्या फलकावर लिहिलेला असावा. सभेचा वार, वेळ आणि जागा कार्यकर्त्याने आधी स्वतः पडताळून पाहावी, कारण या जागा बदलतात आणि कुलूप पाहून परतलेला माणूस पुन्हा सहसा येत नाही. पहिल्या दिवशी दारापर्यंत सोबत जावे.

खरी अडचण वेळेची व जागेची आहे. संध्याकाळची सभा दुसऱ्या पाळीच्या कामगाराच्या उपयोगाची नाही, आणि पुरुषांनी भरलेल्या खोलीत पिणारी स्त्री पाऊल टाकीत नाही. दुपारच्या सभेसाठी, स्त्रियांच्या स्वतंत्र सभेसाठी जागा हवी. नगरपालिकेच्या शाळांतील वर्ग सुटीनंतर कुलूपबंद असतात. आपल्या नगरसेवकांनी आठवड्यातून दोन दिवस दीड तासासाठी ते उघडून द्यावेत असा ठराव मांडावा. त्यात भाडेमाफीचे कलम घालू नये. नाममात्र भाडे ठेवावे. ते झोळीतून भरले जाईल.