पिवळा पडलेला गेम कन्सोल पुन्हा नव्यासारखा दिसतो, पण तो खरंच नवा होतो का?

आधीच्या फोटोत चहा सांडल्यासारखा पिवळा पडलेला गेम कन्सोल. नंतरच्या फोटोत तोच कन्सोल, आत्ताच खोक्यातून काढल्यासारखा. रेट्रो गेमिंगच्या रील्समध्ये ही जादू हमखास दिसते. तिचं नाव 'रेट्रोब्राइट'. पण यात प्लास्टिक दुरुस्त होतं, की फक्त रंग बदलतो?

प्लास्टिक पिवळं का पडतं?

सगळ्यात गाजलेलं उदाहरण निन्टेन्डोचं. १९९० मध्ये जपानमध्ये 'सुपर फॅमिकॉम' आला आणि १९९१ मध्ये तोच अमेरिकेत 'सुपर निन्टेन्डो' नावाने विकायला लागला. जगभरात याचे ४ कोटी ९१ लाख कन्सोल गेले.

त्याची करडी बॉडी एबीएस प्लास्टिकची होती. या प्लास्टिकमधला ब्युटाडाईन हा रबरासारखा घटक त्याला चिवटपणा देतो. पण हवेतला ऑक्सिजन, उष्णता आणि अतिनील किरणं यांचा मारा आधी त्याच्यावरच होतो. त्यातून पिवळेपणा येतो आणि प्लास्टिक ठिसूळही होत जातं.

प्लास्टिकने लवकर पेट घेऊ नये म्हणून त्यात घातलेल्या ब्रोमिनयुक्त रसायनांना बरीच वर्षं यासाठी जबाबदार धरलं गेलं. पण ब्रोमिन नसलेलं एबीएसही पिवळं पडतं. म्हणजे दोष एकट्या ब्रोमिनचा नाही.

रेट्रोब्राइट नेमकं काय करतं?

२००८ मध्ये जुन्या कॉम्प्युटरच्या शौकिनांमध्ये ही पद्धत पसरली. बॉडी खोलून सर्किट आणि स्प्रिंग बाजूला काढायच्या, प्लास्टिकला हायड्रोजन पेरॉक्साइड लावायचं आणि ते उन्हात किंवा यूव्ही दिव्याखाली ठेवायचं. पिवळा रंग देणारी रासायनिक रचना मोडते आणि मूळ रंग दिसायला लागतो. पार्लरमध्ये केस ब्लीच करायला वापरतात ती १२ टक्क्यांची क्रीमही यासाठी वापरली जाते.

मग अडचण कुठे आहे?

रंग परत येतो, चिवटपणा येत नाही. तुटलेल्या रासायनिक साखळ्या पेरॉक्साइड जोडून देत नाही. क्रीम मध्येच सुकली तर पांढरट डाग आणि पट्टे राहतात, ते काढता येत नाहीत. उष्णता जास्त झाली तर बॉडी वाकते. शिवाय अनेक कन्सोल काही वर्षांत पुन्हा पिवळे पडतात, अगदी अंधारात ठेवले तरी.

धोका हातांनाही आहे. १२ टक्के पेरॉक्साइडने त्वचा भाजते, डोळ्यांना गंभीर इजा होऊ शकते. हातमोजे आणि चष्मा लागतोच. वापरलेलं द्रावण घट्ट झाकणाच्या बाटलीत भरून ठेवलं तर आत वायू साठून ती फुटू शकते.

विकत घेणाऱ्याने काय बघावं?

खरा प्रश्न जुन्या वस्तूंच्या बाजाराचा आहे. स्वच्छ दिसणाऱ्या कन्सोलला जास्त भाव मिळतो, पण फोटोत फक्त रंग दिसतो, प्लास्टिकची अवस्था दिसत नाही. म्हणून विकणाऱ्याला थेट विचारा: ब्लीच केलंय का? कधी? स्क्रूच्या जागी आणि क्लिपजवळ तडे आहेत का?

महाराष्ट्रात नव्वदच्या दशकात घरोघरी आलेल्या फॅमिकॉमच्या स्वस्त नकलांनाही हेच लागू. माळ्यावरचा असा कन्सोल स्वतःसाठी उजळवायचा असेल तर जरूर उजळवा. विकायचा असेल तर तो उजळवलेला आहे, हे सांगून विका.